मिठाच्या पाण्याची पट्टी

"आई, बाबांचा आवाज साफ व्हायला रात्रभर लागेल. फोन तापेल, तेवढा गार ठेव," असं सांगून मुलगा रात्रपाळीला गेला. नवऱ्याचं शेवटचं बोलणं त्या एकाच फोनात होतं, खरखरीखाली दबलेलं.

मध्यरात्री वत्सलाबाईंनी फोनला हात लावला, तर चटका बसला. पंख्याने भागेना, तेव्हा त्यांनी धुवट धोतराची पट्टी मिठाच्या पाण्यात भिजवून फोनवर ठेवली. सुकली की पुन्हा भिजवली. घरातला प्रत्येक ताप त्यांनी असाच तर उतरवला होता.

सकाळी मुलाने ती पट्टी उचलली आणि फोनचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं; पडदा काळाच राहिला.

"का रे? उतरलाय ना ताप?" म्हणत त्यांनी फोनवर तळवा टेकवला, आणि झटकन मागे घेतला. पट्ट्या ठेवता ठेवता त्या पहाटे ह्यांचं कपाळही अस्संच गार लागलं होतं.