माशांच्या फाइलचे वाचक

ज्ञानाला आज ना उद्या वाचक मिळतोच. लवूनानांना तर तो रोज मिळत होता. दाभोळ खाडीतल्या माशांची माहिती त्यांनी तीन वर्षं खपून ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये भरली होती. ती कोणी वाचत नसेल तर काढून टाकायची, असं कार्यकारिणी आज ठरवणार होती. पण कुठली फाइल किती वेळा उघडली याची मोजदाद डेटाबेस स्वतःच ठेवतो. तो आकडा पाहून नानांनी सभेत शिरतानाच आंबावडी वाटली.

"रोज चौदाशे चाळीस वेळा! शिमग्याला अख्खा गाव पालखीमागे नाचत होता, तरी एक कमी नाही!"

"नाना," संगणक सांभाळणारी ऋतिका म्हणाली, "मोजणारा प्रोग्रामच दर मिनिटाला फाइल उघडून बघतो, आणि ते उघडणंही मोजतो. दिवसाची मिनिटंच तेवढी."

"मग माणसं किती?"

"एकही नाही."

"असं कसं गो? निदान मला तरी धर!"

ऋतिकाने नोंदी पुन्हा तपासल्या. माहिती भरून झाल्यापासून नानांनीही ती फाइल एकदाही उघडली नव्हती.