चाक धरायला

काकांच्या जुन्या गाडीची चाकं बोल्टने आवळायची. त्यात एक कटकट असते. भोकासमोर भोक येईपर्यंत जड चाक कुणीतरी धरून ठेवावं लागतं, आणि ते काम कायम काकूंचं.

"मी काय जॅक आहे का? बोल्टऐवजी बाहेर डोकावणारे स्टड बसवून घ्या, चाक आपलं आपण त्यावर लटकतं," असं त्या माझ्या गॅरेजात उभ्या राहून वर्षानुवर्षं बजावायच्या. काका ढिम्म. "बोल्टच पक्के. आणि तू आहेस की धरायला!"

आज काका एकटेच आले आणि म्हणाले, "चारही चाकांना स्टड बसव."

मी उडालोच. बोल्ट काढले, स्टड पिळले, चाक त्यावर अडकवलं आणि दोन्ही हात सोडून दाखवले. चाक जागचं हललं नाही.

"बघा, आता धरायला कुणी नको! काकू सुटल्या एकदाच्या!"



काका त्या चाकाकडेच बघत राहिले.

"सुटली रे. तीन महिने अंथरुणाला खिळून होती. मंगळवारी सुटली."