हाडं दुखतात का?

"हाडं दुखतात का, मामा?" डॉक्टर सुकन्या मॅडमनी विचारलं.

"न्हाई," पुंजाराम म्हणाला.

नगरच्या कॅन्सर हॉस्पिटलात तीन दिवस तो डॉक्टरांना हेच सांगत होता. जामखेडकडचा ऊसतोड कामगार, वीस हंगाम फडात काढलेले. दुखतं म्हणणाऱ्याला पुढच्या साली टोळीत कुणी घेत नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक.

मॅडमचा चेहरा उतरला. "मग इंजेक्शनं लागू पडलेली दिसत नाहीत. केमोचा आणखी एक जड डोस द्यावा लागेल बहुतेक."

मागचाच डोस त्याने जेमतेम सोसला होता. त्याची बायको रतनबाई पुढं झाली. "खोटं बोलत्यात मॅडम! रातभर टावेल चावत हुते."

"गप गं! घरी लावून देतील मला."

मॅडम खाटेवर टेकल्या. "मामा, रक्त तयार करणाऱ्या पेशी हाडाच्या पोकळीत राहतात. त्यांच्या अंगावर बारीक हुक असतात, त्यांनी त्या आत धरून बसतात. केमोनं आणि इंजेक्शनांनी ते हुक सुटतात, पेशी रक्तात उतरतात. त्या आम्ही गोळा करून ठेवणार. पुढं जबर केमो दिला की आतल्या पेशी मरतात, तेव्हा या तुम्हाला परत देणार. हाडं ठणकली, तर आत काम चाललंय असं समजायचं."

पुंजारामनं कमरेवर हात ठेवला.

"ठणकत्यात," अखेर तो म्हणाला, चोरी कबूल करावी तसा. "कंबर, मांड्या. लई."

"छान," मॅडम म्हणाल्या, आणि लगेच रक्त तपासायला पाठवलं. नवऱ्याच्या दुखण्याला कुणी छान म्हणावं, हे रतनबाईला सोसवलं नाही. ती खिडकीकडं वळली.

दुपारी रिपोर्ट आला. पेशी पुरेशा उतरल्या होत्या.

त्याला मशीन जोडलं. एका हातातून रक्त जायचं, दुसऱ्या हातात परत यायचं, आणि वरच्या पिशवीत थोडं थोडं लालसर पाणी साचायचं. चार तास हात हलवायचे नव्हते. डोळ्यांतून पाणी ओघळलं, ते रतनबाईनं पदरानं टिपलं.

"लई ठणकतंय?"

"व्हय." पिशवीकडं बघत तो म्हणाला, "घर सोडाया लावलंय त्यास्नी. ठणकणारच."