टेपचं दुसरं टोक

"हत्ती बसला तरी फळी वाकणार नाही, म्हणाला होतात. हत्ती राहू द्या हो, नुसते शब्दकोश बसलेत!"

ग्रंथपाल बाईंनी बोट दाखवलं. सहा फुटी फळीचं पोट मधोमध चांगलं दोन बोटं खाली आलं होतं. सुताराने फळीच्या पोटाखालून हात फिरवून पाहिला. ही नमुन्याची फळी. ती पसंत पडली, तर सगळ्या वाचनालयाचं काम त्याचं होतं. आता बाई म्हणत होत्या, संध्याकाळपर्यंत सरळ करा, नाहीतर उद्या लोखंडी कपाटवाला येईल.

"दुप्पट जाड फळी टाकतो, मग बघा," सुतार म्हणाला आणि वखारीत फोन लावला. तसलं लाकूड यायला आठ दिवस. तरी माप तर घेऊन ठेवू, म्हणून त्याने टेप काढला.

बायको सोबत होतीच. पॉलिश तिचं, आणि माप घेताना टेपचं दुसरं टोकही तिचंच. बावीस वर्षं हेच.

"अहो, मी काय म्हणते, जाड कशाला? आपली ती पट्टी..."

"तुला यातलं काय कळतंय? तू फक्त टोक धर!"

तिने टोक धरलं. सहा फूट टेप ताणून सुताराने खटका लावला, आकडा वाचायला वाकला, आणि तिने टोक सोडलं.

"अगं, धर की! रुसायची ही वेळ आहे का?" तो खेकसला आणि तसाच थांबला. टेप पडला नव्हता. कागदासारखी पातळ पाती, पण सहा फूट अधांतरी, सरळ. कोणी धरलंय हिला? त्याने पन्हळीसारख्या वळलेल्या पातीवर अंगठा दाबला. तिथे ती सपाट झाली आणि सगळा टेप मान टाकून खाली लोंबला. अंगठा काढला, टेप पुन्हा ताठ.

पत्रा तोच. जाडी तीच. फरक फक्त आकाराचा.

"हात्तिच्या!" सुतार म्हणाला.

सामानातली सहा फुटी लाकडी पट्टी त्याने दोन खुर्च्यांवर आडवी टाकली आणि गुडघा रोवला. ती वाकली. तीच पट्टी काठावर उभी केली, सगळा भार दिला. हूं की चूं नाही. मग त्याचे हात थांबेनात. फळी काढली, पोट वर करून उलटी बसवली आणि खालून पुढच्या कडेला ती पट्टी उभी स्क्रूने आवळली.

संध्याकाळी बाईंनी सगळे शब्दकोश स्वतः रचले. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी धरली. फळी दोरीइतकीच सरळ.

"जाड लाकूड मिळालं म्हणायचं."

"नाही बाई. लाकूड तेच. फक्त उभं राहायला शिकवलं," सुतार ऐटीत म्हणाला.

"उद्यापासून बाकीच्या फळ्या घ्या," म्हणून बाई गेल्या.

सुताराला आभाळ ठेंगणं झालं. हत्यारं आवरता आवरता तो बायकोला म्हणाला, "काही म्हण, नशीब माझं! नेमकं तेव्हाच तुझ्या हातून टोक सुटलं."

"सुटलं?" ती पॉलिशचे हात पुसत म्हणाली. "बोलू दिलं नाहीत, म्हणून सोडलं."