चार मात्रा

लवकरच येत आहे.

टेबलाच्या कडेला हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका.

खिळ्याला टांगलेला डफ, त्यावर उशीचा अभ्रा.

आपलं सभासदत्व आणखी एक महिना सुरू राहील. धन्यवाद.

रविवारचा पेपर.

पाच मिनिटं.

"आलं का रं?" डेपोतून आल्या आल्या, चपला न काढताच सोपानने विचारलं.

"न्हाई तात्या. 'थोडा विलंब होत आहे' म्हणत्यात." पुतण्या प्रशांतने सायलीचा मोबाईल पुन्हा चार्जिंगला लावला. सायली जाऊन आठ महिने झाले होते. डेंग्यूचा ताप. मंगळवार ते शुक्रवार.

तिचं शेवटचं गाणं त्या गाण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलं होतं. ते महिन्याच्या वर्गणीवर चालायचं, आणि फक्त कॉम्प्युटरवर. तिने ते गाणं मैत्रिणीच्या, निकिताच्या लॅपटॉपवर केलं होतं. पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि निकिता लॅपटॉप घेऊन गेली. कंपनीचं मोबाईलवरचं ॲप त्याच महिन्यात येणार होतं. मग दिवाळीत. मग नव्या वर्षात. सोपान वर्गणी भरत राहिला आणि वाट बघत राहिला.

"तात्या, कितींदा सांगू? कुठल्याबी कॉम्प्युटरवर उघडंल ते. माझ्या दुकानात चला, दोन मिन्टाचं काम हाय."

"ॲप येऊ दे."

"अन् न्हाईच आलं तर?"

"येऊ दे म्हनलं ना!"

आत कलाबाई भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

"तुमचीच लेक हुती का वो ती? माझी न्हवती?"

सोपान मोरीत गेला आणि बराच वेळ पाय धूत राहिला.

पुणतांब्याच्या हनुमंत वस्तादांच्या जलशात तो वाढला होता. भिंगारला लष्कराच्या डेपोत नोकरी लागली तरी तिथला कायदा त्याने सोडला नव्हता. गाणं कुणीही जुळवावं. शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव मात्र वस्तादाने दिल्याशिवाय घालायचं नाही. आणि नाव देताना वस्ताद नुसता हो म्हणत नाही. पहिल्यांदा ते नाव तो स्वतःच्या तोंडाने गातो. वस्तादांनी सोपानचं नाव गायलं तेव्हा सोपान एकतीस वर्षांचा होता.

सायली बावीसची होती. तिचा वस्ताद तिचा बापच.

"पप्पा, ह्या गाण्यात घालू का माझं नाव?"

"चार वळी जुळल्या म्हंजी नाव घालायचं नसतंय."

"मग कधी?"

"मी सांगंन तवा."

ती उठून गेली होती. रागाने तिने स्वतःचं नाव घातलं असेल, तर पोरगी बापाचा शब्द मोडून गेली. नमून बापाचं नाव घातलं असेल, तर बापाने लेकीचं गाणं गिळलं. यातलं एकही ऐकायची सोपानची छाती नव्हती. ॲप येत नव्हतं तोवर दोन्ही घडलेलं नव्हतं.

ॲप बुधवारी आलं.

डेपोच्या गेटवर मोबाईल जमा करावे लागतात, म्हणून त्याला घरी आल्यावरच कळलं. कलाबाई दुपारपासून सायलीचा मोबाईल मांडीवर घेऊन बसली होती, वर पदर टाकून, निजलेलं लेकरू सांभाळावं तशी. प्रशांत सगळं लावून शेजारी उभा होता.

"तुमच्याबिगर दाबलं न्हाई," ती म्हणाली.

आता मागं सरायला जागा नव्हती. सोपान भिंतीला टेकून बसला. "लाव," म्हणाला.

ढोलकी आली. मग ती आली. अगदी तशीच. श्वास घेताना थोडी घाई करणारी. कलाबाईने पदराचा बोळा तोंडात धरला. एक कडवं गेलं, दुसरं गेलं. शेवटचं आलं, आणि सोपानने डोळे मिटले.

*एका पुस्तकाची वात, जळे अंधाऱ्या घरात,*
*सांगे*

आवाज थांबला. ढोलकी एकटीच चार मात्रा चालली.

*ऐका हो, ऐका.*

"इथं आवाज उडालाय तात्या," प्रशांत घाईने म्हणाला. "नवं ॲप हाय, व्हतं असं. फाईल अर्धीच चढली आसंल." त्याने पडद्यावर बोट फिरवलं. बोट थांबलं.

"न्हाई. उडालं न्हाई. तिनंच सोडलीय जागा. खाली एक रिकामी पट्टी हाय, रेकॉर्डिंगला लावून ठिवलेली. नाव टाकलंय तिला."

"काय नाव?"

"पप्पा."

प्रशांतने गाणं थोडं मागे नेलं, लाल बटण दाबलं आणि मोबाईल सोपानच्या तोंडासमोर धरला. *सांगे.* ढोलकी चार मात्रा चालली. सोपानचे ओठ उघडे होते. *ऐका हो, ऐका.*

"पुन्हा लाव," कलाबाई म्हणाली.

*सांगे.* चार मात्रा. त्याच्या गळ्याची शीर तट्ट फुगली. आवाज आला नाही.

"म्हना की वो," कलाबाई त्याचा गुडघा हलवत म्हणाली. "तीनच तर अक्षरं हायत."

*सांगे.*

ताप यायच्या दोन दिवस आधी, रविवारी सकाळी, सायली दोनदा बाहेरच्या खोलीत येऊन म्हणाली होती, "पप्पा, पाच मिनिटं येता का?" सोपान पेपर वाचत होता.