पुलाची जागा

नावाड्याची लेक प्रादेशिक नियोजन कार्यालयात अधिकारी झाली होती. सरकारी अनुदानासाठी तिने दोन्ही काठांवरच्या गावांचा आराखडा आखला. त्यात पहिलं काम पुलाचं. पूल झाला की वडिलांची होडी कायमची काठाला लागणार होती. अर्ज पाठवण्याआधी तिने धीर करून नकाशा त्यांच्यापुढे पसरला. वडिलांनी नकाशा जवळ ओढून नीट पाहिला. मग म्हणाले, “पूल चुकतोय तुझा.” ती घाईने समजावू लागली, “बाबा, लोकांची सोय...” “अगं, ऐक तर! इथला काठ नदी दर पुरात खाते. थोडं वरच्या अंगाला होडीचा बांबू तळाला टाकला की खडक लागतो. पूल तिथे उभा कर.” “आणि तुमची होडी?” “मी आयुष्यभर माणसं पलीकडेच नेली ना? आता पूल नेईल.” तिने डोळे पुसले, पूल खडकावर सरकवला आणि अर्जात ‘तज्ज्ञ सल्लागार’ या शब्दांपुढे वडिलांचं नाव लिहिलं.