वीस वेळा 'र'

वृद्धाश्रमाच्या ॲपमधली 'मुलांना निरोप' ही चौकट त्यानेच बनवली होती. वीस अक्षरं मावायला हवी होती, म्हणून त्याने वीस वेळा 'र' टाइप केला, तेवढीच रुंदी ठेवली आणि हात झटकले.

"आणि 'क्ष', 'ण' अशी रुंद अक्षरं आली तर?" शेजारी बसणाऱ्या सहकारिणीने विचारलं.

"म्हाताऱ्यांना कुठे एवढं लिहायचंय?"

पुढे त्याने स्वतःच्या आईलाच तिथे ठेवलं. तिचा रोज एकच निरोप यायचा, 'मी बरी आहे. काळजी नको.'

"आईने तोंडाला कुलूपच लावलंय," तो बायकोपाशी कुरकुरायचा.

भेटायला गेला तेव्हा त्याने विचारलंच. आई म्हणाली, "पुढे लिहायला गेलं की मागचं दिसेनासं होतं रे."

मग म्हणाली, "चौकट तू बनवलीस ना, म्हटलं तुला एवढंच ऐकायचं असेल."